डिकीतला गांजा, डोक्यातला गांजा

रायपूरला येऊन मिळणाऱ्या दोन मोठ्या महामार्गांवरून गांजाची वाहतूक होते, हे छत्तीसगडमध्ये आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. ओडिशातल्या मलकानगिरी-कोरापुटच्या डोंगरांत पिकलेला माल जगदलपूर, केशकालचा घाट, कांकेर, धमतरी या वाटेने राष्ट्रीय महामार्ग ३० धरून वर येतो. कंधमाळ-बौधकडचा माल संबलपूर, बरगढ ओलांडून महामार्ग ५३ वर सराईपाली, बसना, पिथौरा करत रायपूरच्या टाटीबंध चौकापर्यंत पोचतो. तिथून पुढे त्याच रस्त्याने दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा आणि नागपूर. महासमुंद जिल्ह्यातल्या सिंघोडा आणि कोमाखान ठाण्यांची नावे गांजाच्या बातम्यांत सारखी येतात, कारण ओडिशाची हद्द ओलांडलेली गाडी पहिल्यांदा अडते ती तिथेच. नाकाबंदीत चोरकप्पा उघडला जातो, भाजीच्या क्रेटखालून टेपने करकचून गुंडाळलेली पाकिटे निघतात, काटा मागवला जातो आणि पंचनामा होतो. काटा महत्त्वाचा, कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा वजनावर ठरते: एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा आणि तिला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी. हा झाला डिकीतला गांजा. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात त्या घटकेला गांजाचा अंमल आहे की नाही, हे तपासायची नीट रीत मात्र आपल्या रस्ते-कायद्याने घालूनच दिलेली नाही. माझे म्हणणे असे की ही रीत घालून देता येते, त्यासाठी परदेशी यंत्रांची वाट पाहायची गरज नाही, आणि ती घालताना रक्तातल्या नॅनोग्रॅमच्या मागे न लागता माणूस त्या क्षणी गाडी चालवायला लायक होता का, हाच प्रश्न मध्यभागी ठेवला पाहिजे.

गांजा म्हटले की आपल्याला तस्करी आठवते, चालक आठवत नाही. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, जशपूर जिल्ह्यातल्या पत्थलगाव इथे गांजा घेऊन निघालेली एक भरधाव गाडी दुर्गाविसर्जनाच्या मिरवणुकीत घुसली. एक तरुण जागीच गेला, अनेक जखमी झाले. गाडीतले दोघे पकडले गेले, एका पोलीस अधिकाऱ्याचे निलंबन झाले, मृताच्या कुटुंबाला सरकारने भरपाई जाहीर केली. लोकांचा संताप, विरोधकांचे आरोप आणि सरकारचे खुलासे, सगळे फिरले ते तस्करी आणि पोलिसांची भूमिका याभोवती. ते स्वाभाविकच होते. पण त्या घटनेतून आपल्या विचाराची सवय दिसते. गांजा हा आपल्या लेखी जप्त करायचा माल आहे. वाहन चालवण्याची क्षमता कमी करणारे द्रव्य म्हणून त्याच्याकडे पाहायला आपण शिकलेलो नाही.

कायदाच वाचून पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दोन गुन्हे शेजारी-शेजारी आहेत. पहिला दारूचा: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल. दुसरा इतर अमली द्रव्यांचा: वाहनावर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल. पहिल्यात आकडा आहे, दुसऱ्यात अवस्थेचे वर्णन आहे. शिक्षा दोन्हींना सारखी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. इथवर ठीक. आता पुरावा कसा गोळा करायचा ते सांगणाऱ्या कलमांकडे वळा. कलम २०३ पोलिसाला अधिकार देते श्वासचाचणीचा. कलम २०४ ठाण्यात आणलेल्या माणसाच्या रक्ताचा नमुना घेऊ देते, पण केव्हा? श्वासयंत्राने दारू दाखवली तर, किंवा त्याने फुंकायला नकार दिला तर. म्हणजे ज्याने चिलीम ओढली आहे आणि दारूचा थेंबही घेतलेला नाही, तो ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये निमूटपणे फुंकतो, यंत्र शून्य दाखवते आणि रक्ततपासणीचे दार तिथेच बंद होते. कलम २०२ आणखी एक अट घालते: या गुन्ह्यात पकडलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली नाही तर त्याला सोडून द्यावे लागते. ही मुदत अगदी योग्य आहे. खेद एवढाच की त्या दोन तासांत काय तपासायचे याचा रस्ता कायदा पुन्हा २०३ आणि २०४ कडेच, म्हणजे दारूकडेच वळवतो. गुन्हा लिहिला आहे, पण तो सिद्ध करण्याची वाट लिहिलेली नाही. संसदेने २०१९ मध्ये दंड वाढवले तेव्हा ही त्रुटी दूर करायची चांगली संधी होती, ती गेली.

त्याचा परिणाम आकडेवारीत दिसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. एकट्या छत्तीसगडात मेलेल्यांची संख्या ५,८३४. या अहवालात कारणांचे जे रकाने आहेत त्यांत दारू आणि अमली द्रव्ये एकाच रकान्यात घातली आहेत: १०,०८० अपघात, ४,२०१ मृत्यू, एकूण मृत्यूंच्या सुमारे अडीच टक्के. यातले दारूचे किती, गांजाचे किती, गोळ्यांचे किती, अफूच्या बोंडांचे किती, कळायला मार्ग नाही. अतिवेगाच्या रकान्यात मात्र ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू आहेत. वेग घटनास्थळी दिसतो, घासलेल्या टायरवरून आणि चेपलेल्या पत्र्यावरून सांगता येतो. नशा दिसत नाही, ती तपासावी लागते, आणि तपासली नाही की ती वेगाच्या रकान्यात विरघळून जाते. म्हणून ‘गांजामुळे अपघात होतात याचा पुरावा कुठे आहे?’ असे कुणी विचारले, तर पुरावा शोधायची सोयच आपण केलेली नाही, हेच उत्तर द्यावे लागते.

पुरावा नाही म्हणून धोका नाही असे म्हणता येत नाही, कारण गांजा शरीरात काय करतो हे पुरेसे ठाऊक आहे. चिलमीचेच पाहा. बिया आणि काड्या निवडून गांजा तळहातावर दोन थेंब पाण्यात मळतात, त्यात तंबाखू मिसळतात, चिलमीच्या बुडाशी खडा बसवतात, तोंडाशी ओली साफी गुंडाळतात आणि एकाने काडी ओढून धरली की दुसरा दम मारतो. तो धूर फुप्फुसांत जाताच त्यातले मुख्य द्रव्य, टीएचसी, काही मिनिटांत रक्तात शिगेला पोचते. पुढच्या तास-दोन तासांत रक्तातले प्रमाण झपाट्याने उतरते, कारण हे द्रव्य चरबीत विरघळणारे आहे. ते रक्त सोडून मेंदूत आणि चरबीत शिरते. मेंदूतला अंमल मात्र इतक्या झटपट उतरत नाही. नेदरलँड्समध्ये खऱ्या रस्त्यावर २६ स्वयंसेवकांना गाडी चालवायला लावून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. टीएचसी घेतल्यावर ४० ते १०० मिनिटांच्या टप्प्यात गाडी आपल्या लेनमध्ये ठळकपणे डावी-उजवीकडे हेलकावत होती. चार-पाच तासांनी तो फरक उरला नाही. सॅन दिएगोमध्ये १९१ नियमित सेवन करणाऱ्यांवर गाडीच्या सिम्युलेटरवर चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. अर्ध्या तासाने आणि दीड तासाने चालवणे स्पष्टपणे बिघडलेले होते, साडेचार तासांनी ते ताळ्यावर आले होते. त्यातली खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दीड तास होता होता अनेकांना आपण आता गाडी चालवू शकतो असे वाटू लागले, आणि त्याच वेळी त्यांचे चालवणे मात्र बिघडलेलेच होते. अंमल उतरण्याआधी आत्मविश्वास परत येतो. ढाब्यावर चिलीम ओढून, जेवून, तासभर खाटेवर पडून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत स्टिअरिंगला बसणारा ट्रकवाला नेमक्या याच वेळेला रस्त्यावर येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की दारुडा भरधाव हाकतो, गांजेकस उलट हळू चालवतो, मग धोका कसला? आक्षेपात तथ्य आहे. नेदरलँड्समधल्या नव्वदच्या दशकातल्या चाचण्यांपासून हे वारंवार आढळले आहे की गांजा घेतलेल्याला आपण चढलेले आहोत याची जाणीव असते, तो वेग कमी करतो, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो. पण वेग कमी करणे हा चालकाच्या हातातला उपाय आहे. लेनमध्ये गाडी सरळ ठेवणे, अवचित समोर आलेल्या गोष्टीकडे क्षणार्धात लक्ष वळवणे, एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवणे हे त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. मोकळ्या, दुभाजक असलेल्या रस्त्यावर हळू चालवून भागेलही. केशकालच्या घाटातल्या वळणांवर, किंवा रायपूर-धमतरी वाटेवर जिथे सायकलवाला, बैलगाडी, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर आणि रस्त्यावर बसलेली गुरे एकाच वेळी सांभाळावी लागतात, तिथे हळूपणा पुरत नाही. शिवाय महामार्गावर लेनमध्ये झुलत, अवेळी मंद होणारा ट्रक स्वतः कुणाला धडकत नसला तरी मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तो संकटच असतो, आणि २०२२ मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दारू कितीतरी अधिक जीव घेते, मग शक्ती गांजावर का खर्चायची? आकडे प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नऊ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला, त्यात गांजाच्या अंमलाखाली चालवणाऱ्याचा गंभीर अपघाताचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी हेच अभ्यास पुन्हा तपासले आणि वाढ तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपासच आहे असे दाखवले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीच इथल्या मोठ्या पाहणीत तर वय, लिंग वगैरे बाबी जमेस धरल्यावर गांजाचा वेगळा धोका जवळपास दिसलाच नाही, दारूचा मात्र ठळक दिसला. तेव्हा एकटा गांजा हा दारूइतका घातक नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. जे लेखक त्याला दारूच्या पंक्तीला बसवतात ते वाचकाची दिशाभूल करतात. पण रायपूरच्या रस्त्यावर गांजा एकटा येतो का? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली. गांजा, चरस आणि भांग मिळून सेवनाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, सिक्कीम, दिल्ली यांच्याबरोबर छत्तीसगडचे नाव आहे. आणि दारूच्या यादीतही ते अग्रभागी आहे, ३५ टक्क्यांहून अधिक लोकांच्या सेवनासह. दोन्ही याद्यांत वरचे स्थान असलेल्या राज्यात दोन्ही नशा एकाच संध्याकाळी एकाच माणसात भेटणार. आयोवा विद्यापीठाच्या सिम्युलेटरवर दारू आणि गांजा एकत्र दिला तेव्हा गाडीच्या हेलकाव्यांत दोघांचा परिणाम एकमेकांत मिळवला गेला. कायदेशीर ३० मिलिग्रॅमच्या आत राहिलेला, पण वर चिलीम ओढलेला चालक आज नाक्यावरून बिनदिक्कत पुढे जातो. यंत्राच्या मते तो निर्दोष आहे. मला वाटते, छत्तीसगडपुरता हा एकच मुद्दा गांजाची दखल घ्यायला पुरेसा आहे.

मग परदेशांसारखी रक्तातल्या टीएचसीची मर्यादा का ठरवू नये? इंग्लंड आणि वेल्सने २०१५ पासून लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम ठरवले. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो राज्यांनी मिलिलिटरमागे पाच नॅनोग्रॅमवर बोट ठेवले. जर्मनीने २०२४ मध्ये आपली मर्यादा एकवरून साडेतीनवर नेली. एकाच द्रव्याला प्रगत देशांनी इतके वेगवेगळे आकडे द्यावेत, यातच उत्तर आहे. दारूचे रक्तातले प्रमाण आणि मेंदूतला अंमल यांची सांगड बऱ्यापैकी बसते. टीएचसीची बसत नाही. सॅन दिएगोच्या अभ्यासातही रक्तातला आकडा आणि चालवण्याची गुणवत्ता यांचा मेळ लागला नाही. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात काही दिवसांनंतरही थोडे टीएचसी सापडते, तर पहिल्यांदाच ओढून हेलपाटणाऱ्याच्या रक्तात नमुना घेईपर्यंत ते मर्यादेखाली गेलेले असते. लघवीची तपासणी त्याहून वाईट, कारण ती दिवसांपूर्वीच्या, कधी आठवड्यांपूर्वीच्या सेवनाच्या खुणा दाखवते. लाळेच्या पट्ट्या अलीकडचे सेवन सांगतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ पासून, केरळ पोलिसांनी २०२२ पासून फिरत्या व्हॅनमधून त्यांचा वापर सुरू केला. चाळणी म्हणून त्यांचा उपयोग आहे. पण द्रव्य सापडले एवढ्यावर शिक्षा द्यायची असेल, तर रविवारी ओढलेल्या चिलमीसाठी बुधवारी परवाना गमावणारे लोक आपण तयार करू, आणि तेव्हा प्रश्न रस्त्याच्या सुरक्षेचा राहणार नाही.

आपल्या कलम १८५ मधला दुसरा भाग, ताबा न राहण्याचा, हा मला त्या सगळ्या परदेशी आकड्यांहून शहाणा वाटतो. त्याला फक्त हातपाय हवेत. ते कसे असावेत हे ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी सत्तरच्या दशकात नशेतल्या चालकाची तपासणी क्रमवार बांधून दिली, आणि तिच्यातल्या बहुतेक गोष्टींना महागडे काही लागत नाही. नाडी मोजायची. बाहुल्या अंधारात आणि उजेडात पाहायच्या. बोट नाकाकडे आणत दोन्ही डोळे आत वळतात का बघायचे. गांजाच्या अंमलात पुष्कळदा वळत नाहीत. सरळ रेषेत टाच-चवडा जुळवत नऊ पावले जायला आणि वळून परत यायला सांगायचे. एका पायावर तीस सेकंद उभे करायचे, डोळे मिटून मान मागे टाकून तीस सेकंदांचा अंदाज घ्यायला सांगायचे. प्रत्येक निरीक्षण छापील तक्त्यावर वेळेसह लिहायचे. यातली कुठलीही एक खूण निर्णायक नाही. थकवा, मधुमेह, डोळ्यांचा आजार यांनीही ती दिसू शकते. म्हणूनच हे काम हवालदाराचे नव्हे, डॉक्टरचे, आणि त्याला जोड हवी त्याच दोन तासांत घेतलेल्या रक्ताची. आकडा शिक्षेसाठी नव्हे, तर दिसलेल्या अवस्थेला गांजाचा दुजोरा मिळतो का हे पाहण्यासाठी. अटक झालेल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचा नमुना यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१ आजही हाताशी आहे. जिथे माणूस मेला किंवा कायमचा जायबंदी झाला, अशा प्रत्येक अपघातात ते वापरावे, असा आदेश राज्याच्या गृह खात्याला काढता येईल. राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा रायपुरातच आहे आणि इथले एम्स टाटीबंधलाच, त्या महामार्गाच्या काठावर. एवढी सोय देशातल्या थोड्याच शहरांना असेल. संसदेने कलम २०४ मध्ये श्वासयंत्राची अट ओलांडणारे एक वाक्य घालावे आणि मंत्रालयाने अहवालातला तो जोडरकाना फोडून दारू आणि इतर द्रव्ये वेगळी करावीत, हे पुढचे काम.

भांगेचा प्रश्न यात सगळ्यात दुर्लक्षित आहे. अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्याच्या उत्पादनशुल्क कायद्याखाली आली. कायद्याने सौम्य ठरवले म्हणून लोक ती सौम्य समजतात. पोटातून गेलेला टीएचसी यकृतात जाऊन आणखी प्रभावी रूप घेतो. तो चढायला तास-दीड तास लागतो आणि सहा-आठ तास राहतो. राजिमच्या माघी पौर्णिमेच्या मेळ्यात किंवा होळीला एक पेला ठंडाई घेतली, अर्ध्या तासात काहीच वाटले नाही म्हणून दुसरा घेतला आणि मोटारसायकलवरून रायपूरला परत निघाले, तर अंमल चढतो तो वाटेत. ही आपली परंपरा आहे, तिच्यात पोलिसांचे काय काम, असे विचारणाऱ्यांना मी परंपरेचाच दाखला देईन. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. मध्य प्रांतातला खंडव्याचा सरकारी देखरेखीखालचा गांजाही त्याच्यासमोर होता. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, बंदीपेक्षा नियंत्रण बरे, असा त्याचा निवाडा होता, आणि तो आजही आदराने वाचावा. पण त्या साक्षीदारांच्या गावात मोटार नव्हती. मंदिराच्या ओट्यावर बसून ओढणाऱ्याबद्दलचा निवाडा ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला लावता येत नाही.

शेवटचा आक्षेप पोलिसांबद्दलचा आहे आणि तो मला सर्वांत खरा वाटतो: अशी तपासणी आली की सापडेल तो गरीब चालक आणि क्लीनर, सुटेल तो मालक. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. रस्त्यावरच्या तपासणीतून मिळालेला नमुना सेवनाच्या गुन्ह्यासाठी वापरू नये. नाहीतर कुणी डॉक्टरसमोर खरे बोलणार नाही. आणि चालक गांजाकडे का वळतो तेही तपासले पाहिजे. दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्यात चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी हाकतो आणि निम्मे जण थकलेले, झोपाळलेले असतानाही चालवत राहतात. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली आला. त्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांतून लोखंड भरून निघालेल्या ट्रकचा मालक त्या आठ तासांचा हिशेब कुणाला देतो? अपघातात चालकाच्या रक्ताचा नमुना घ्यायचा तर त्याच दिवशी मालकाच्या कार्यालयातली गाडीची वेळनोंदही ताब्यात घ्यावी. एकाची तपासणी आणि दुसऱ्याला मोकळीक, असा कायदा टिकणार नाही आणि टिकूही नये.

हे सगळे सरकारने करायचे. तोवर वाचकांना एक विनंती. दिवाळीत नागपूर-रायपूरच्या रस्त्यावर आपली कितीतरी माणसे असतील. आपल्या घरात, आपल्या गाडीवर चालक म्हणून ठेवलेल्या माणसात किंवा मुलाच्या मित्रमंडळीत कुणी गांजा घेत असेल, तर त्याला उपदेश न करता दोन आकडे सांगा: धूर ओढला असेल तर किमान सहा तास, आणि भांग प्यायली असेल किंवा बरोबर दारूही झाली असेल तर रात्रभर झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत, गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यायची.